माशांच्या टाकीला नऊ वॉट पुरेत

आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममधली टाकी सगळ्यांनी पाहिली आहेच. दोन गोल्डफिश, एक प्लॅस्टिकचा किल्ला आणि कुठल्याही जंगलात न उगवणारी जांभळी प्लॅस्टिकची झाडं! तिच्यात खरी झाडं लावायची असं ठरलं, इथपर्यंत छान. पण मीटिंगमध्ये दोन सूचना आल्या, आणि दोन्हींना मी विरोध केला. 'हिला काय प्रॉब्लेम आहे?' असं त्या दिवसापासून ऐकते आहे, म्हणून आता लिहूनच टाकते.

पहिली सूचना अशी की 'प्लँट ग्रोथ' लिहिलेला तो महागडा गुलाबी एलईडी आणायचा. कारण काय, तर झाडांना फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो. अकरावीच्या बायॉलॉजीत एंगेलमान आठवतो का? त्याने प्रिझममधून आलेला प्रकाश पाण्यातल्या एका हिरव्या शेवाळावर टाकला, तर ऑक्सिजन शोधणारे बॅक्टेरिया निळ्या आणि लाल पट्ट्यांपाशी गोळा झाले. ते खरंच आहे. पण त्यावरून पांढरा एलईडी बिनकामाचा असं कुठे ठरतं? पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर. (याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.) त्यात निळा भरपूर असतो, लालही असतो, आणि हिरव्या प्रकाशाचाही बराचसा भाग पान वापरतं. गुलाबी दिव्याखाली मात्र हिरवं पान काळपट दिसतं. मग झाडं लावायची कुणी बघण्यासाठी?

खोक्यावरच्या ल्युमेनवर मात्र जाऊ नका. ल्युमेन माणसाच्या डोळ्यासाठी मोजतात आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्यावर सर्वात खूश असतो. झाडाचा हिशोब वेगळा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन किती पडले याचा. तरी आपली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल, म्हणजे जेमतेम ५५ लिटरची. कमी उजेडात भागवणाऱ्या झाडांना तेवढ्यात साधा नऊ वॉटचा पांढरा बल्ब चालतो. रोज आठ तास लावला तर महिन्याला सव्वादोन युनिटसुद्धा होत नाहीत. पूर्वीची ३६ वॉटची ट्यूब, चोकचे बारा वॉट धरून, साडेअकरा युनिट खायची. रेक्टर सरांनी लाइट बिलाची काळजी सोडावी. बल्बचं म्हणाल, तर सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब पुढच्या काही वर्षांत ४० च्या आत आला.

जास्त वॉट लावले की झाड जास्त वाढतं, हा गैरसमज माझाही होता. आमचं घर गगनबावड्याला. तिथे जून ते सप्टेंबर ऊन कसलं, समोरचा गगनगडसुद्धा दिसत नाही. धुकं खिडकीतून घरात येतं, कपडे वाळत नाहीत, आणि खिडकीतली माझी टाकी पावसाळ्यात मरायची. म्हणून मी एकदम तीन बल्ब लावले, तेही रात्री अकरापर्यंत. पंधरा दिवसांत काच हिरवी, दगड हिरवे, पाणी हिरवं. आजी म्हणाली, "शेवाळ छान आलंय की गं." गंमत म्हणजे आजी हायड्रिलालाही शेवाळच म्हणते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला दोन्हींचे फक्त इंग्रजी शब्द येत होते. प्रकाश हा ॲक्सिलरेटर आहे. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि खत तेवढंच असेल तर नुसता ॲक्सिलरेटर दाबून झाड पळत नाही, पळतं ते आजीचं शेवाळ.

आता दुसरी सूचना. हिच्यावर मी जरा चिडले, हे कबूल. 'गगनबावड्याला ट्रेक आहेच, येताना सड्यावरची, ओढ्यातली झाडं उपटून आणू, फुकटात सह्याद्री टाकी!'

हे मी करून बसले आहे. बारावीच्या सुट्टीत, पाऊस नुकताच सुरू झालेला. दादा आणि मी सड्यावरच्या डबक्यातून गेंदाची रोपं आणली, आणि ओढ्यातून लांब पीळदार पानांची क्रिप्टोकोरिन. गेंद महिन्याभरात कुजला. क्रिप्टोकोरिनची पानं आठवड्यातच वितळल्यासारखी झाली. बल्ब बदलला, वेळ बदलली, काही उपयोग नाही. कारण उजेड कमी पडलाच नव्हता. सड्यावर जांभ्या दगडावर बोटभर माती, वरून नुसतं पावसाचं पाणी, आणि आयुष्य एका पावसाळ्याचं. ऑक्टोबरपर्यंत बी टाकून ते झाड मोकळं होतं. आपण जुलैत उपटलं तर पुढच्या वर्षीचं बीसुद्धा गेलं. क्रिप्टोकोरिन पावसाळाभर वाहत्या पाण्याखाली राहते आणि पाणी उतरल्यावर फुलते, तिला आपल्या साठलेल्या पाण्यात घेऊन आपण काय करणार? काही झाडं तर फार थोड्या जागी उरलेली आहेत. साताऱ्याकडच्या पठारांवरचा वायतुरा जगात दुसरीकडे कुठे नाही. कास आणि आपल्या शेजारचं राधानगरी २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. गगनबावड्याचा सडा त्या यादीत नाही, म्हणजे तो आपल्या डिकीत भरायला मोकळा आहे का?

"दहा रोपांनी काय होतंय" असं मेसमध्ये एकजण म्हणाला. आपण चाळीस जण ट्रेकला जातो, आणि आपल्यासारखी कॉलेजं किती आहेत ते मोजा. झाडं ओळखायचीच असतील तर डॉ. यादव आणि डॉ. सरदेसाई यांचा 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट' हा २००२ चा ग्रंथ लायब्ररीने मागवावा, आणि सड्यावर गुडघे टेकून फोटो काढावेत.

टाकीसाठी हायड्रिला कुणाच्याही शेतातल्या विहिरीत मिळेल, बाकीची नर्सरीत वाढवलेली दुकानातून घेऊ. गोल्डफिश हायड्रिला भाजीसारखं खातात, तेव्हा आधी मासे बदला, गप्पी आणा. बल्बचं होल्डर पाण्यावर उघडं टांगू नका, मध्ये काच हवी. वायरला प्लगच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथेच टपकेल. हे इलेक्ट्रिकलच्या मुलांना मी सांगायला नको, पण आत्ताची वायर त्यांनीच लावली आहे!

टायमर विकत घेऊ नका. माझ्याकडे एक पडून आहे, रविवारी आणते.