वस्तरा हवा, हज्जाम नको

वस्तऱ्याला सध्या बरे दिवस आले आहेत. आपल्या समाजातले शिकलेसवरलेले तरुण, त्यात इंजिनियर आहेत, डॉक्टर आहेत, आखाती देशांतून सुट्टीवर आलेले आहेत, जर्मनीच्या सोलिंगेनचा किंवा इंग्लंडच्या शेफिल्डचा जुना वस्तरा हजारो रुपये मोजून घेतात. त्याची मूठ हस्तिदंती की शिंगाची, पाते किती अष्टमांश इंच रुंद, चामोटीचे चामडे घोड्याचे की गाईचे, यावर तासन्‌तास बोलतात. माझ्याकडेही सात वस्तरे आहेत. मी दाढी ठेवतो, पण गाल आणि मान वस्तऱ्यानेच साफ करतो. त्यामुळे या शौकाला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. माझे भांडण वेगळे आहे. ज्या घरांत वस्तऱ्याचे एवढे कौतुक चालते, त्याच घरांत ‘हजाम’ हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो, आणि त्याच घरांत हज्जामाच्या मुलाचे स्थळ आले तर चहासुद्धा न विचारता परत पाठवले जाते. हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी वस्तऱ्याबद्दल. चांगल्या वस्तऱ्याची दोन्ही अंगे आतून पोकळ घासलेली असतात. दगडावर धार लावताना पाठ आणि धार दोन्ही टेकवायची असते, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. दाढीआधी तो चामोटीवर पाठीच्या दिशेने ओढायचा. चुकून धारेच्या दिशेने ओढला तर चामडे कापले जाते आणि धारही जाते. गालावर साधारण तीस अंशांत धरायचा, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, केसांच्या कलाने उतरायचे. नव्या माणसाला हे नीट जमायला महिने लागतात.

ही मेहनत केल्याचा अभिमान शौकिनाला असतो आणि तो असायला हरकत नाही. पण तो फक्त स्वतःची दाढी करतो. त्याला आपली कातडी आतून कळते, कुठे दुखले की हात आपोआप थांबतो. हज्जाम मात्र दिवसभर परक्यांच्या गळ्यावर धार फिरवतो. कुणाच्या हनुवटीत खळी, कुणाच्या मानेवर पुटकुळ्या, कोणी मध्येच बोलतो, कोणी डुलकी घेतो. शिवाय पुढचे गिऱ्हाईक बाकावर ताटकळत असते. हे कसब शौकिनाच्या कसबापेक्षा कितीतरी वरचे आहे. तरीही एकाला आपण ‘जाणकार’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘ए, इकडे ये.’

संग्राहकांना इतिहासाची आवड असते. जुन्या वस्तऱ्याचा काळ कसा ओळखावा हे ते लगेच सांगतात. अमेरिकेत १८९० साली जकातीचा नवा कायदा झाला, त्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव छापणे सक्तीचे झाले. म्हणून पात्याच्या मुळाशी ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असा शिक्का असला की वस्तरा बहुधा त्यानंतरचा धरतात. माहिती खरी आहे. पण त्याच १८९० साली मुंबईत काय घडले? नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कामगार पुढाऱ्याच्या पुढाकाराने न्हावी एकत्र जमले आणि ब्राह्मण विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा चालवणार नाही असे त्यांनी ठरवले. बलुत्यावर आणि यजमानांच्या मर्जीवर जगणाऱ्या जमातीने, आपल्याहून कितीतरी वरच्या मानल्या गेलेल्या घरांतल्या बायकांच्या बाजूने हत्यार खाली ठेवले. वस्तऱ्याच्या इतिहासातले याहून मोठे पान मला तरी माहीत नाही. पण ते शौकिनांच्या गप्पांत कधी येत नाही, कारण त्या गप्पांत वस्तरा असतो, तो धरणारा हात नसतो.

शेफिल्डचेही तेच. तिथल्या सुऱ्या, काटे, वस्तरे चाकावर घासणाऱ्या कारागिरांच्या छातीत दगडाची आणि लोखंडाची धूळ भरायची आणि त्यातले बरेच जण तरुणपणीच मरायचे. इंग्लंडच्या कामगारांवर १८४५ मध्ये आलेल्या एंगेल्सच्या पुस्तकात याचे वर्णन आहे. संग्राहकाला पात्यावरची चकाकी दिसते. ती कुणाच्या फुप्फुसांतून आली हे विचारायची त्याला गरज वाटत नाही.

आता आपल्या घरात या. वस्तऱ्याशिवाय मुसलमानाचे आयुष्य सुरूच होत नाही. मूल जन्मले की सातव्या दिवशी अकीका, बाळाचे जावळ काढायचे आणि केसांच्या वजनाइतकी चांदी खैरात करायची. मग सुन्नत, जी पिढ्यान्‌पिढ्या हज्जामाच्याच हातून होत आली. हजला गेलेला माणूस कुर्बानीनंतर डोके मुंडवतो. डोके मुंडवणाऱ्यांसाठी पैगंबरांनी तीनदा दुआ केली आणि केस नुसते कापणाऱ्यांसाठी एकदा, हे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मुंडण करणाऱ्याला एवढा सवाब, मग मुंडण करून देणाऱ्याला मान का नाही?

‘हज्जाम’ हा शब्दच पाहा. तो ‘हिजामा’पासून आला. हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे. हज्जाम हा मुळात इलाज करणारा माणूस. स्पेनमधल्या कुर्तुबाजवळ हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या अबुल कासिम अल-जहरावीने तीस भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. त्यातल्या शस्त्रक्रियेच्या भागात हत्यारांची चित्रे आहेत आणि सुन्नत व हिजामा कशी करावी हेही आहे. त्या थोर हकिमाला ही कामे हलकी वाटली नाहीत.

अलीकडे हिजामालाही बरे दिवस आले आहेत. शहरोशहरी ‘सुन्नत इलाज’ म्हणून केंद्रे उघडली आहेत, भिंतीवर प्रमाणपत्रे टांगली आहेत, एकेका तुंबडीमागे पैसे घेतले जातात. तिथे बसलेल्याला आपण ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो. ज्या जमातीचे नावच या इलाजावरून पडले, तिच्या नावाला मात्र अजून कमीपणा चिकटलेला आहे. म्हणजे हुन्नर घेतले, प्रतिष्ठा घेतली, आणि हलकेपणा तेवढा मूळ माणसाकडे ठेवून दिला. वस्तऱ्याच्या शौकात हेच घडते आहे, म्हणून मला बोलावे लागते.

आता लोक काय म्हणतील तेही मला माहीत आहे.

पहिले म्हणणे, ‘इस्लाममध्ये जात नाही.’ बरोबर, इस्लाममध्ये नाही. मुसलमानांत आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात अश्रफ, अजलाफ, अरजाल या थरांची चर्चा आहे. देशातल्या मुसलमानांपैकी सुमारे ४१ टक्के लोक इतर मागासवर्गांत येतात, हेही त्यात आहे. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांच्यासारखा कलावंत तिच्या सभांना फिरला. तेव्हाही ‘मुसलमानांत फूट पाडता’ असेच त्यांना ऐकवले गेले. फूट आधीच होती. त्यांनी ती मोठ्याने सांगितली, एवढाच त्यांचा गुन्हा.

दुसरे म्हणणे जास्त विद्वत्तेचे असते. ‘ही जात नाही, हा कुफू आहे. लग्नात बरोबरी पाहायला शरियतने सांगितले आहे.’ फिकहच्या जुन्या ग्रंथांत विणकर आणि हज्जाम यांना बरोबरीतून वगळणारे एक कथन येते खरे. पण हदीसच्या जाणकारांनी ते कमजोर ठरवले, काहींनी तर बनावट म्हटले. इमाम मालिक बरोबरीत दीनदारीच पाहतात. आणि यापेक्षा थेट पुरावा अबू दाऊदच्या संग्रहात आहे. अबू हिंद हे हज्जाम. त्यांनी पैगंबरांच्या डोक्यावर हिजामा केला होता. ते अन्सारांपैकी बनू बयादा या कबिल्याचे मौला, म्हणजे जन्माने त्या कबिल्याचे नव्हेत. पैगंबरांनी त्या कबिल्याला काय सांगितले? अबू हिंदशी सोयरीक करा, त्याला मुली द्या आणि त्याच्याकडून घ्या. हज्जामाचे नाव घेऊन सांगितले. कुफूचा आधार घेणाऱ्या मौलवीसाहेबांना माझी विनंती आहे की पुढच्या जुम्याच्या बयानात एवढी एकच हदीस सांगावी.

अबू तैबा हे दुसरे हज्जाम, गुलाम होते. पैगंबरांनी त्यांना कामाचा मोबदला धान्यात दिला आणि मालकांना सांगून त्यांच्यावरचा कर कमी करवला. आपण मात्र सलूनमध्ये दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि घरी येऊन चामोटीला महागडे तेल चोळतो.

तिसरे म्हणणे, ‘शौक आहे, शौकासारखा राहू द्या. प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?’ मी आणत नाही, ती आहेच. जरा सलूनमध्ये जाऊन बघा. तिथे हल्ली खरा वस्तरा कुणाच्याच हातात दिसणार नाही. एड्स आणि काविळीच्या भीतीने गेल्या काही दशकांत कारागिरांनी तो बाजूला ठेवला. आता ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा बसवायची मूठ वापरतात, गिऱ्हाईक बदलले की तुकडा बदलतात. ते योग्यच झाले. पण परिणाम काय, तर धार लावण्याची जुनी विद्या म्हाताऱ्या उस्तादांच्या बोटांत उरली आहे. त्यांच्या धोपटीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा आणि चामोटी असायची. आपला शौकीन ही विद्या परदेशी व्हिडिओ बघून शिकतो. दोन गल्ल्या पलीकडे बसलेल्या चाचांना विचारायचे त्याच्या मनातही येत नाही. हे निव्वळ योगायोगाने होत नाही. ज्याला आपण शिक्षक मानू शकत नाही, त्याच्याकडे आपण शिकायला जात नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त बोचेल. गेली काही वर्षे ‘मुसलमानाकडे दाढी करू नका’ असे संदेश गावोगाव फिरतात. पोटासाठी दूरच्या मुलुखातून आलेली सलमानी पोरे त्यात भरडली जातात. तेव्हा आपण खवळतो, आणि खवळायलाच हवे. त्या बहिष्काराविरुद्ध बोलताना ती पोरे आपले भाऊ असतात. पण निकाहाची गोष्ट निघाली, जमातीच्या कमिटीवर माणूस घ्यायची वेळ आली, की ते पुन्हा ‘हजाम’ होतात. बाहेरच्यांचा बहिष्कार दुकानाच्या दारात अडवतो, आपला उंबरठ्यावर. आपला जुना आहे, आणि त्याविरुद्ध एकही मोर्चा निघालेला नाही.

म्हणून वस्तरे जमवणाऱ्या माझ्या भावांना चार गोष्टी सांगतो. ‘हजाम’ हा शब्द शिवी म्हणून तोंडात आणू नका आणि घरात कोणी आणला तर तिथेच टोका. धार लावायला शिकायची असेल तर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या उस्तादाकडे जा, त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि चारचौघांत त्याला उस्ताद म्हणा. आपल्या जमातीच्या कमिटीत हज्जाम, पिंजारी, कसाई, फकीर यांतले किती जण आहेत ते मोजा आणि तो आकडा सभेत विचारा. आणि मुलामुलींची स्थळे बघताना, मुलगा शिकलेला आहे, कमावता आहे, नमाजी आहे, फक्त बाप सलून चालवतो, असे स्थळ आले तर अबू हिंद आठवा.

यातले काहीच जमणार नसेल तर वस्तरे खुशाल जमवा, भिंतीवर लावा, फोटो काढा. फक्त त्याला वारशाचा आदर म्हणू नका. हज्जामाशी सोयरीक नाकारून त्याच्या हत्याराचे कौतुक करणे, हा आदर नाही.