इमान फक्त खेळाडूनेच राखायचे काय?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम मैदानाआधी पेठांच्या कट्ट्यांवर सुरू होतो. केएसएकडे खेळाडूंची नोंदणी सुरू झाली, की कोण कुठल्या तालमीकडे गेला, कोण राहिला, कुणाला किती मिळाले, हाच विषय. आणि दरवर्षी या चर्चेत एक शब्द हमखास कानावर येतो : गद्दार. काल ज्या पोराला खांद्यावर घेऊन नाचले, तोच पोरगा आज दुसऱ्या तालमीची जर्सी घालून राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरला, की गॅलरीतून त्याच्या आईबहिणीचा उद्धार होतो. ‘तालमीचं खाल्लं आणि तालमीलाच उलटला’ असे स्टेटस लागतात.

आमचा प्रश्न साधा आहे. त्याने तालमीचे खाल्ले, की तालमीने त्याचे खाल्ले?

पेठापेठांच्या ईर्षेला आमचा विरोध नाही. ईर्षा नसती तर या शहरात फुटबॉल इतकी वर्षे जगलाच नसता, हे आम्हीही जाणतो. गॅलरीत आमचीही पोरे बसतात, आमच्या वस्त्यांतली पोरे मैदानातही उतरतात. विरोध आहे तो एका जुन्या खोडीला. जो घाम गाळतो त्याच्याकडूनच इमान मागायचे आणि जो घामाचा हिशेब ठेवतो त्याला कधीच काही विचारायचे नाही, ही ती खोड. आंबेडकरी माणसाला ती ओळखायला वेळ लागू नये. तिचे मूळ नाव वतन आहे.

महार वतन काय होते? गावाची पडेल ती कामे करायची, केव्हाही हाक आली की जायचे, कर्ता घरात नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचे. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते. आणि या सगळ्याला गावाने नाव काय दिले? इमान! महार इमानी, महार गावाचा रक्षक, गावची शिव त्याच्या शब्दावर ठरते. कौतुकाला तोटा नव्हता. फक्त ‘मला हे काम करायचे नाही’ असे म्हणायची सोय नव्हती. राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात हे वतन मोडीत काढले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात बदल करणारे विधेयक आणले. आणि महाराष्ट्रातली ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे स्वातंत्र्य आले, संविधान आले, बाबासाहेब गेले, तरी वतन होतेच. ज्याच्या इमानाचे सर्वांत जास्त गोडवे गायले गेले, त्यालाच सोडून जाण्याचा हक्क सर्वांत शेवटी मिळाला. हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे वाचू नये.

मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात परिषद भरली. शाहू महाराजांनी तिथे जमलेल्या अस्पृश्य समाजाला सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याच वर्षी मुंबईत एक घटना घडली. ती आपल्या पोरांना शाळेत शिकवली जात नाही.

पळवणकर बाळू हे चांभार समाजातले महान फिरकी गोलंदाज. पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करता करता साहेबांना गोलंदाजी टाकून त्यांनी हात तयार केला. पुढे हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळू संघात आले. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातात एकच, पण चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने शंभराहून अधिक बळी घेतले. आणि कर्णधारपद? ते मात्र वर्षानुवर्षे दुसऱ्याच कुणाला. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत पुन्हा डावलले गेले, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी सरळ संघातून अंग काढून घेतले. आम्ही नाही खेळत, असे जाहीर केले. त्यानंतर चक्रे हलली. बाळूंना उपकर्णधारपद मिळाले आणि १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले.

वीस वर्षांच्या इमानाने जे दिले नाही, ते एका नकाराने दिले. तेव्हाही या भावांना संघाशी द्रोह केला असे म्हणणारे होतेच असतील. पण द्रोह कुणी केला? बाहेर चहा पाजणाऱ्यांनी, की चहा ठेवून उठणाऱ्यांनी? आणि हिशेब इथेच संपला नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब जिंकले. बाळूंबद्दल आमच्या मनात राग नाही, बाबासाहेबांना स्वतःला त्यांच्या खेळाचा अभिमान होता. पण ज्यांनी बाळूंना कर्णधार होऊ दिले नाही, त्यांच्याच वळणाच्या माणसांनी त्यांच्या निष्ठेचे बिल कसे वसूल केले, ते पाहा.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या काळ्या माणसाची आणि आपली जखम एका जातीची आहे, हे बाबासाहेब कोलंबियाच्या दिवसांपासून ओळखून होते. तिथला बास्केटबॉल हा काळ्या खेळाडूंच्या जिवावर उभा असलेला धंदा. ऑस्कर रॉबर्टसन नावाचा पोरगा इंडियानापोलिसच्या काळ्या मुलांसाठी वेगळ्या काढलेल्या शाळेत शिकला. १९५५ मध्ये त्या शाळेने राज्याचे अजिंक्यपद जिंकले. शहराचे नाव झाले. पण विजयाची मिरवणूक शहराच्या मुख्य चौकात रेंगाळू दिली नाही, ती काळ्यांच्या वस्तीकडे वळवली. कप शहराचा, पोरे वस्तीची! बाळूंचा चहा आठवला का?

हाच रॉबर्टसन पुढे एनबीएतला मोठा खेळाडू झाला आणि खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्या काळी नियम असा होता की करार संपला तरी खेळाडू संघाच्याच ताब्यात. दुसऱ्याकडे जायचे असेल तर जुन्या मालकाची मर्जी हवी. कागदावर नोकरी, व्यवहारात वतन. १९७० मध्ये रॉबर्टसनच्या नावाने खेळाडूंनी लीगवर खटला भरला. १९७६ मध्ये तडजोड झाली, तोवर रॉबर्टसन निवृत्त झालेला होता. फायदा मागून येणाऱ्यांना मिळाला. करार संपल्यावर हवे तिथे जाण्याची पूर्ण मोकळीक यायला तर १९८८ उजाडले. आज अमेरिकेत ज्याला ‘फ्री एजंट’ म्हणतात, तो कुणा मालकाच्या मोठेपणातून जन्मला नाही, खटल्यातून आणि संघटनेतून जन्मला.

कायदा बदलला म्हणून मन बदलते काय? २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने करार संपल्यावर क्लीव्हलँड सोडून मायामीला जायचे जाहीर केले. त्याने करार मोडला नव्हता. सात वर्षे तो त्या शहरासाठी खेळला होता. तरी लोकांनी त्याच्या जर्स्या जाळल्या आणि संघाच्या मालकाने त्याला विश्वासघातकी ठरवणारे उघड पत्र लिहिले. तेव्हा जेसी जॅक्सन यांनी नेमके बोट ठेवले : हा मालक खेळाडूकडे पळून गेलेल्या गुलामासारखा बघतो आहे. लीगने मालकाला एक लाख डॉलर दंड केला. आता दुसरी बाजू बघा. त्याच्या दोनच वर्षे आधी, २००८ मध्ये, सिअ‍ॅटल शहरात ४१ वर्षे खेळलेला अख्खा संघ मालकाने उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. शहर रडले. पण त्याला ‘व्यवसायाचा निर्णय’ म्हणतात. खेळाडू गेला तर गद्दारी, मालक गेला तर व्यवसाय. २०१८ मध्ये टोरांटोने डीमार डीरोझनला सॅन अँटोनिओला देऊन टाकले. या खेळाडूने टोरांटो सोडायचे नाही असे वारंवार सांगितले होते. त्याच्या इमानाची किंमत त्याला कळली.

तिकडचे जाऊ द्या, आपल्या चंदगड तालुक्यात या. हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये प्रो कबड्डीत आला. यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेवर चढाईगुण मिळवले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, तो लिलावात तेलुगू टायटन्सकडे १ कोटी ४५ लाखांना गेला, त्या लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू म्हणून. सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याची छाती फुगली, आमचीही. २०२१ मध्ये टायटन्सने ‘फायनल बिड मॅच’ हे कार्ड वापरून १ कोटी ३० लाखांना त्याला स्वतःकडेच ठेवले. त्या हंगामात दुखापत झाली, मोजकेच सामने खेळता आले. २०२२ मध्ये त्याच संघाने त्याला घेतले ते २० लाखांना.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. खांदा तोच, माणूस तोच, गाव तेच. बाजाराने त्याच्याशी इमान राखले काय? आणि हा दोष आम्ही कुणा एका संघावर टाकत नाही, सगळा खेळच तसा मांडलेला आहे. मग खेळाडूने जास्त पैशांकडे पाय वळवला तर कुठल्या तोंडाने त्याला नावे ठेवायची? त्याच्याकडे चांगल्या दिवसांची आठ-दहा वर्षे असतात. गुडघा गेला की गाव गोळा होत नाही.

इथे आमच्याच काही मित्रांशी आमचे मतभेद आहेत. लिलाव आला, पोरांना पैसा मिळाला, म्हणजे खेळाडू स्वतंत्र झाला असे ते म्हणतात. पैसा आला हे खरे, आणि त्याला आम्ही नाक मुरडणार नाही. पोट भरलेल्यांनीच गरिबाला पैशाचा मोह वाईट असे शिकवायचे असते. पण लिलावात खेळाडूला कुणी विचारते का, की बाबा तुला कुठे खेळायचे आहे? बोली लावणारा दुसरा, हातोडा मारणारा दुसरा. आणि बोली दुसऱ्याने जिंकली तरी जुना संघ कार्ड दाखवून त्याच रकमेत खेळाडू परत घेऊ शकतो. रॉबर्टसनने ज्याच्याविरुद्ध खटला भरला, त्याचेच हे धाकटे भावंड आहे. किंमत मोठी असणे आणि संमती असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. महागडा बैलही बाजारात विकलाच जातो.

‘पण तालमीने लहानपणापासून घडवले त्याचे काय?’ हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावणे बरे नाही. कुणीतरी बूट दिले, पहाटे उठून सराव घेतला, कुणा वस्तादाने आयुष्य घातले. त्याचे मोल झालेच पाहिजे. जगाने त्याला उत्तर शोधले आहे. फिफाच्या नियमात करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या संघाकडे विकला गेला, की त्या रकमेतले ५ टक्के, तो १२ ते २३ वयात जिथे जिथे घडला त्या संघांना वाटून द्यावे लागतात. म्हणजे घडवणाऱ्याचा हक्क पैशावर असतो, खेळाडूच्या देहावर नसतो. उपकार केले म्हणून जन्मभर बांधून ठेवायचे, हे वस्तादाचे नाही, सावकाराचे वागणे झाले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ओ’कॉनेलचा दाखला देऊन हेच बजावले होते की कृतज्ञतेला मर्यादा असते आणि स्वाभिमान गहाण टाकून ती फेडायची नसते. ते राजकारणाबद्दल बोलत होते. तालमीलाही ते लागू पडते.

आणि राजकारणाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकू. आपल्या चळवळीत कार्यकर्त्याने गट बदलला की त्याच्यावर हाच शब्द फेकला जातो. साहेबांनी स्वतः गट बदलला, युती बदलली, झेंड्याशेजारचा झेंडा बदलला, तर ती ‘राजकीय भूमिका’. कार्यकर्त्याने मात्र सतरंज्या उचलत इमान राखायचे. १९३५ मध्ये येवल्यात धर्म सोडायची घोषणा करणाऱ्या आणि १९५१ मध्ये मंत्रिपद फेकून बाहेर पडणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. सोडून जाणे हा गुन्हा असे आपल्याला कुणी शिकवले?

कोल्हापुरात पुढच्या नोंदणीच्या वेळी आपल्या वस्तीतला जो पोरगा सही करायला जाईल, त्याच्याबरोबर वाचता-लिहिता येणाऱ्या दोघांनी जावे. ठरलेले मानधन कागदावर आहे काय, ते हप्त्याने मिळणार की हंगाम संपल्यावर, हे विचारावे. गुडघा किंवा खांदा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार, विमा आहे काय, हे विचारावे. करार कधी संपतो आणि संपल्यावर त्याला कुणाच्या परवानगीशिवाय जाता येईल काय, हे तर सर्वांत आधी विचारावे. जो पदाधिकारी या प्रश्नांवर ‘विश्वास नाही का आमच्यावर’ असे म्हणेल, त्याला शांतपणे सांगावे की विश्वास आहे, म्हणूनच लिहून द्या. कराराची एक प्रत पोराच्या घरी राहिली पाहिजे. आणि वेगवेगळ्या तालमींची पोरे, मैदानात एकमेकांना पाडत असली तरी, मैदानाबाहेर एका संघटनेत बसली पाहिजेत. रॉबर्टसनचे सहकारी एकमेकांच्या विरुद्ध संघांतच होते.