करुणा म्हणजे साहेबाची मेहेरबानी नव्हे!

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की जेऊरच्या आसपास रानात कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोघांतलं एक जरी आजारी पडलं तरी खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात.

अशा या भागात काम करताना आम्ही एकदा एका संस्थेच्या प्रशिक्षणाला बसलो होतो. विषय होता 'करुणामय नेतृत्व'. पडद्यावर तथागतांचं चित्र. प्रशिक्षक सांगत होते, हाताखालच्या माणसाशी गोड बोला, त्याचा वाढदिवस लक्षात ठेवा, म्हणजे तो जास्त काम देतो. त्याच महिन्यात त्या संस्थेने तापाने चार दिवस घरी राहिलेल्या एका कार्यकर्तीचं मानधन कापलं होतं. त्या ताई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

मित्रांनो, याला करुणा म्हणायचं का? आमचं स्पष्ट उत्तर आहे, नाही. ही दया आहे. दया वरून खाली दिली जाते. देणाऱ्याचं मन फिरलं की ती बंद होते, आणि घेणाऱ्याची मान कायम खाली राहते. गावगाड्यात आपल्या आज्या-पणज्यांनी अशी दया पिढ्यान् पिढ्या पदरात घेतली. त्यातून कोणी माणूस झालं नाही.

बाबासाहेबांनी धम्मात प्रज्ञा आणि करुणा या दोन्ही गोष्टी सोबत ठेवल्या, त्याचं कारण इथे आहे. करुणा दुःख दाखवते, प्रज्ञा त्याचं कारण शोधते आणि उपाय पक्का करते. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं नेमकी मोजून सांगितली आहेत: झेपेल तेवढंच काम, जेवण आणि वेतन, आजारपणात देखभाल, वेळेवर सुट्टी. गोड बोलण्यावर विषय संपवलेला नाही.

बाबासाहेबांनी स्वतः हेच केलं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. आजचा साहेब खाली उतरला तर फोटो काढून वर येतो. बाबासाहेबांच्या काळात १९४४ साली खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ही करुणा कोणाच्या मर्जीवर सोडली नाही, ती कायद्यात लिहिली.

काहीजण म्हणतील, कायदे झाले, पण मनं कुठे बदलली? खरं आहे. म्हणून तर करुणा हवीच. पण मन बदलेपर्यंत कामगाराने वाट बघायची का? बीड जिल्ह्यातल्या १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ साली नेमलेल्या समितीसमोर आलं. तिथे कमी होती ती भरपगारी रजेची, दवाखान्याची, खाड्याशिवाय आजारी पडण्याच्या हक्काची. मुकादमाच्या गोड बोलण्याने ती भरून निघाली नसती.

आता बोट स्वतःकडे वळवू. आपल्या संघटनांत, पतसंस्थांत, शाळांत, विहार समित्यांत काय चालतं? मंचावर समतेचं भाषण, आणि विहार झाडणाऱ्या ताईंना दोन-दोन महिने पैसे नाहीत. विचारलं की 'चळवळीसाठी त्याग करा'. त्याग नेहमी खालच्यानेच का करायचा?

नेता करुणावान आहे की नाही हे ओळखायला एकच प्रश्न पुरे: त्याच्या हाताखालचा माणूस न घाबरता 'आज मला जमणार नाही' म्हणू शकतो का? आणि तसं म्हटल्यावर त्याची चूल पेटते का?

पुढच्या बैठकीत आपल्या संघटनेत मानधनाची तारीख आणि आजारपणाची रजा लेखी ठरवा. तथागतांचं चित्र त्यानंतर लावा.

जय भीम!