खेळात राजकारण आणतो कोण?

‘खेळात राजकारण आणू नका’ हा उपदेश प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी हटकून ऐकू येतो. गंमत अशी, की तो बहिष्काराची भाषा करणाऱ्यांनाच ऐकवला जातो. यजमान सरकारला कुणी ऐकवत नाही.

१९७८चा फुटबॉल विश्वचषक घ्या. यजमानपद अर्जेंटिनाला १९६६मध्येच मिळाले होते. मार्च १९७६मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि स्पर्धा आयतीच जनरल व्हिडेला यांच्या हाती पडली. प्रतिमा उजळायला एक अमेरिकी जनसंपर्क कंपनी नेमली गेली. ब्युनोस आयर्समधल्या ज्या मॉन्युमेंटल स्टेडियमवर अंतिम सामना झाला, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर नौदलाची ‘एस्मा’ ही यांत्रिकी शाळा होती. पकडून आणलेल्या विरोधकांना तिथे डोळे बांधून डांबत, छळत. त्यांतल्या अनेकांना गुंगीचे इंजेक्शन देऊन विमानातून खाली पाण्यात फेकत. स्टेडियममधला जल्लोष कोठडीत ऐकू येई, हे जिवंत सुटलेल्यांनीच पुढे सांगितले. नेदरलँड्सला ३-१ असे हरवल्यावर कर्णधार पासारेला यांच्या हाती चषक दिला तो व्हिडेला यांनीच. आता यात राजकारण आणले कुणी?

दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे: स्पर्धेमुळे जगाची नजर पडते, राजवटीचे पितळ उघडे पडते. त्यात तथ्य नाही असे नाही. प्लाझा दे मायो चौकात पांढरे रुमाल बांधून बेपत्ता मुलांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या आयांना डच टीव्हीने त्याच जूनमध्ये घराघरांत पोचवले. पण राजवट हलली का? ती गेली १९८३मध्ये, फॉकलंड युद्धात नाक कापले गेल्यानंतर. सोचीचे हिवाळी ऑलिंपिक २३ फेब्रुवारी २०१४ला संपले आणि महिन्याच्या आत रशियाने क्रिमिया गिळला. जगाची नजर तेव्हाही होतीच!

मग स्पर्धा लोकशाही देशांपुरत्याच ठेवायच्या? तेही नको, तो दांभिकपणा होईल. यजमानपदातून वजन मिळते म्हणूनच सरकारे त्यावर पैसा ओततात. त्या वजनाची किंमत यजमानपद देण्याआधी वसूल करणे, हाच खरा उपाय. दबाव चालतो, हे कतारने दाखवले. मालकाच्या परवानगीविना नोकरी बदलण्याची मुभा तिथल्या परदेशी कामगारांना २०२०मध्ये मिळाली. मात्र यजमानपद मिळाले होते २०१०मध्ये, आणि तोवर बरीचशी स्टेडियम उभी राहत आली होती. वरातीमागून घोडे ते हेच.

यातून ‘फिफा’ शहाणी झाली म्हणावे, तर डिसेंबर २०२४मध्ये २०३४चा विश्वचषक सौदी अरेबियाला दिला गेला तो एकमेव दावेदार म्हणून, ऑनलाइन सभेत, टाळ्या वाजवून. हातातली छडी आपणहून टाकून देण्याचा याहून सोपा मार्ग नसेल.

भारतानेही २०३६च्या ऑलिंपिकसाठी इरादापत्र दिले आहे. मजुरांचे वेतन, सुरक्षितता आणि विस्थापितांचे पुनर्वसन यांची लेखी हमी बोलीच्या कागदपत्रांतच असावी, अशी मागणी इथल्या क्रीडारसिकांनी आपापल्या खासदारांकडे आत्ताच करावी.