रुग्णालयाच्या भिंतीवरचं चित्र बघायचं कुणी?



आपल्या उपजिल्हा रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली, रंग झाला, आणि आता भिंतींच्या 'सुशोभीकरणा'ची फाईल फिरतेय. काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. दारात नेत्यांचा फ्लेक्स. ओपीडीत विनाइलवर छापलेला धबधबा, तोही स्वित्झर्लंडचा. प्रसूती कक्षात निळ्या डोळ्यांचं गोरं गोबरं बाळ. साहेबांच्या केबिनमध्ये धावणारे सात घोडे. आणि उरलेल्या भिंतींवर वारली, कारण वारली टाकली की 'आपली संस्कृती' झाली.

ही चित्रं निवडतं कोण? खरं सांगायचं तर कुणीच नाही. अंदाजपत्रकात फर्निचरच्या खाली एक ओळ असते, चौरस फुटाचा भाव असतो. ठेकेदाराचा पोरगा गुगलवरून फोटो उतरवतो, फ्लेक्सवाला ताणून दहा फुटांचा करतो, बिल निघतं. धबधब्याचे चौकोन चौकोन दिसायला लागलेत हे उद्घाटनाच्या फोटोत कळत नाही.

"अहो, इथं इंजेक्शन बाहेरून आणावं लागतं आणि तुम्हाला चित्रं सुचतायत?" हे कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच बोलतो. औषधांचे पैसे काढून चित्रं लावा असं कुणी म्हणत नाहीये. भिंतींवरचा खर्च होणारच आहे, तो तुमच्या-माझ्या म्हणण्याने थांबत नाही. मग होणाऱ्या खर्चातून पेशंटच्या पदरात काही पडावं, एवढं मागणं जास्त आहे का?

आणि पडतं बरं का. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना जोराची वेदनाशामकं कमी लागली आणि ते सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण पुढे याच उलरिकने सहकाऱ्यांबरोबर स्वीडनमधल्या उप्सालात हृदयाचं ऑपरेशन झालेल्या १६० रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रं लावून पाहिली. झाडं आणि मोकळं पाणी असलेल्या चित्राने धास्ती कमी झाली. सरळ रेघांचं अमूर्त चित्र समोर असलेल्यांची धास्ती मात्र काहीच न लावलेल्यांपेक्षाही वाढली. म्हणजे उगाच काहीतरी लावण्यापेक्षा कोरी भिंत परवडली.

आता कुणी म्हणेल, मग आमचा धबधबा काय वाईट? झाडं आहेत, पाणी आहे. विषय बरोबर आहे, साहेब. पण तो लावलाय कुठे?

केसपेपरच्या खिडकीच्या वर, आठ फुटांवर. तिथे रांगेतला माणूस पुढच्याच्या पाठीकडे आणि आपल्या नंबराकडे बघत असतो. वॉर्डात चित्र असलंच तर ते पेशंटच्या उशामागे असतं. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला दारातून दिसतं, व्हिडिओत छान येतं, आणि ज्याला दहा दिवस तिथं पडून काढायचेत त्याला मान मोडली तरी दिसत नाही. त्याच्या समोर काय? सलाईनचा स्टँड, स्विचबोर्ड आणि पोपडे. स्ट्रेचरवरून नेताना बाईला दिसतं छत आणि लुकलुकणारी ट्यूब. डायलिसिसचे पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास एकाच भिंतीकडे तोंड करून असतात. अख्ख्या इमारतीत चित्राची सगळ्यात जास्त गरज त्या भिंतीला आहे, आणि तिथे 'थुंकू नये' लिहिलेलं असतं.

'कायाकल्प'ची तपासणी आली की भिंती रंगतात. त्या योजनेला मी नावं ठेवणार नाही, तिच्यामुळे संडास तरी धुतले जाऊ लागले. पण चित्र तपासणाऱ्याच्या उंचीवर आणि तपासणाऱ्याच्या वाटेवरच लागतं, हे कुणीही जाऊन बघावं. उभ्या माणसाला चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर लागतो, बाकड्यावर बसलेल्याला त्याच्या फूटभर खाली, पोरांच्या वॉर्डात आणखी खाली. आणि खाटेवरच्याला समोरच्या भिंतीवर किंवा सरळ छतावर. एवढं समजायला आर्ट स्कूल लागत नाही, एकदा त्या खाटेवर आडवं होऊन बघावं लागतं.

बँकांची तीच गत. कर्जाच्या टेबलामागे ट्रॅक्टरवरचा हसरा शेतकरी. पगडी पंजाबी, गहू पंजाबातला, शाखा आपल्या कोरडवाहू पट्ट्यात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेले म्हातारे तासन्‌तास उभे, आणि समोर काचेच्या फ्रेममध्ये इंग्रजी सुविचार, त्यावर ट्यूबची अशी चमक की तोही वाचता येऊ नये. तहसिलीत राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी आहेत, त्या असाव्यातच. त्यांच्यावरची जळमटं तेवढी काढा.

सरकारी इमारतीत हे जमतच नाही असं नाही. होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली तेव्हा चित्रंही जमवली. स्वतः चित्रं काढणारा माणूस. कुलाब्याच्या त्या इमारतीत हुसेन यांचं 'भारत भाग्य विधाता' हे भलंमोठं भित्तिचित्र आजही आहे. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दाराशी रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी उभे आहेत. ती मोठी संस्था, मोठा पैसा, कबूल. पण तिथं कुणीतरी चित्रकार निवडला होता, चौरस फूट नाही.

आणि वारली. लग्नघरात सवाष्णी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांना जीआय मानांकन आहे. आणि आपण काय करतो? फुकटची फाईल डाउनलोड करून शवागाराच्या भिंतीवर लग्नाचा नाच छापतो. पालघरच्या एका वारली कलाकाराला त्यातला रुपया जात नाही. त्याला बोलवा, रंग द्या, मजुरी द्या, मग लिहा 'आपली संस्कृती'.

आपल्या तालुक्यात एटीडी केलेली पोरं आहेत, निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. त्यांना फोन जातो तो 'सर, सेवा म्हणून करून द्या, नाव होईल' असा. फ्लेक्सवाल्याला कुणी सेवा म्हणून मागतं का हो?

नदी आपली काढा, घाट आपला काढा, पळस फुललेला काढा. प्रसूती कक्षात आपल्या रंगाचं बाळ असू द्या, बाईला तिचंच वाटेल असं. पुसता येईल असा रंग वापरा, धूळ धरणारी फ्रेम आणि फुटणारी काच वॉर्डात नको. काय काढायचं हे ठरवताना ठेकेदाराच्या आधी नर्सताईंना विचारा, पेशंट रात्री कुठे बघत पडतो ते त्यांना माहीत असतं.

रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असं लेखी पत्र मी दिलंय. सोबत माहिती अधिकारात अर्ज टाकलाय: सुशोभीकरणासाठी किती तरतूद, किती कोटेशन आली, चित्रं कुणी निवडली. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की कागद जसाच्या तसा इथे टाकतो. तोवर तुमच्या गावच्या दवाखान्यात, बँकेत खाटेवरून किंवा बाकड्यावरून समोर जे दिसतं त्याचा फोटो पाठवा. पेशंटचा चेहरा येऊ देऊ नका, फक्त भिंत.