एका बल्बसाठी घराला रंग

घरातला एक बल्ब गेला म्हणून सबंध घराला रंग काढणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मीही पाहिलेला नाही. पण त्याने बनवलेले संगणकावरचे फॉर्म भरता भरता माझं निम्मं आयुष्य गेलं!

नाव, पत्ता टाइप करून झाला की जिल्ह्याच्या चौकटीत तुम्ही ‘सातारा’ निवडता. अपेक्षा एवढीच, की खालच्या चौकटीत वाई, पाटण, कऱ्हाड यावेत. येतात. पण त्यांना जागा करून द्यायला वरचं नाव आणि पत्ता निघून गेलेले असतात!

पानाचा हवा तेवढाच तुकडा बदलण्याच्या युक्तीला जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ साली ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. जावाच्या ज्या फ्रेमवर्कला आज ‘जकार्ता फेसेस’ म्हणतात, त्यात ती २००९ साली अंगचीच झाली. तिथे दोन गोष्टी सांगायच्या: ‘एक्झिक्यूट’, म्हणजे सर्व्हरने काय विचारात घ्यायचं, आणि ‘रेंडर’, म्हणजे काय नव्याने काढायचं. काहीच सांगितलं नाही, तर ते फक्त हात लावलेली चौकट विचारात घेतं आणि पडद्यावर काहीही बदलत नाही. केवढा हा सुसंस्कृतपणा!

पण आमचे प्रोग्रॅमर बंधू ‘रेंडर’पुढे ‘ऑल’ लिहून मोकळे. सर्व्हर बिचारा सगळं पान नव्याने काढतो. तुमचं नाव त्याच्या खिजगणतीतच नाही. म्हणून चौकट कोरी.

यावर बंधू म्हणतात, “अहो, चुकीची सूचना आधी पानावर नसतेच. नसलेली वस्तू एजॅक्सला सापडणार कशी?” खरं आहे. पण पत्र आलेलं नसलं तरी टपालपेटी भिंतीवर असते ना? तशी एक कायमची रिकामी चौकट ठेवा, सूचना तिच्या पोटात घाला आणि चौकटीला बदलायला सांगा. दोन ओळींचं काम.

“वेळ वाचतो हो!” कुणाचा? एका बोटाने टाइप करणारे निवृत्त गृहस्थ तिसऱ्यांदा पत्ता लिहीत असतात आणि मनाशी म्हणत असतात, ‘माझंच काहीतरी चुकतंय.’ त्यांचं काही चुकलेलं नाही, साहेब. तुमच्या आळसाची शरम त्यांना वाटतेय, एवढंच.

तेव्हा ‘ऑल’ खोडा. जे बदलायचं, त्याचं नाव लिहा. आणि लोकांनी जे लिहिलंय, ते राहू द्या.