वाढलेल्या काचेचाही हिशेब

“एवढे कायचे जी? घरीच तं करता, हौसेनं.”

बचतगटाच्या प्रदर्शनात माझ्या काचेच्या कोस्टरची किंमत ऐकून एक बाई असं म्हणाल्या, आणि शेजारच्या लोणच्याकडे वळल्या. त्यांचा राग नाही. हौसेला मोल नसतं हे आपण सगळेच म्हणतो, पण ते पैसे देणाऱ्यानं म्हणायचं. विकणारीला ऐकवलं की त्याचा अर्थ एकच उरतो : कमी कर. निंदणाला जाणाऱ्या बाईशी रोजी ठरवताना तिला निंदणाची हौस आहे का, हे आमच्या पारशिवनीत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि खरं सांगते, सुरुवातीला हा घोळ मीच घातला होता. खिडक्यांच्या दुकानातून उरलेले तुकडे जवळपास फुकट मिळायचे, म्हणून कोस्टर साठ रुपयांना द्यायची. एका शिक्षिकेनं सहा घेतले, माझी पहिली मोठी विक्री. खिडकीच्या दोन काचांमध्ये हिरव्या बांगड्यांचे तुकडे ठेवून भट्टीत 820 अंशांना एकजीव केले होते. दिसायला देखणे. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला : रात्री कपाटात टच्‌ असा आवाज झाला, कोणी हातही लावला नव्हता. जाऊन पाहिलं तर चीर सरळ गेलेलीच नव्हती. बांगडीच्या तुकड्याच्या कडेकडेनं, जणू कोणी पेन्सिलीनं गिरवल्यासारखी, वळसा घेऊन गेली होती.

दोन्ही काचाच, पण तापल्यावर फुगायचं आणि निवताना आकसायचं माप दोघींचं वेगळं. वितळताना जुळतात, थंड होताना एक जास्त ओढते, आणि तो ताण आत कोंडून राहतो. फ्यूजिंगसाठी बाहेरून येणाऱ्या रंगीत काचेवर 90 किंवा 96 असा आकडा असतो, तो याच मापाचा. एका आकड्याची काच दुसरीत मिसळायची नाही, आणि खिडकीची काच या दोन्हींत बसत नाही. आता मी नव्या काचेचा छोटा जोड आधी भट्टीत लावते आणि निवल्यावर दोन पोलरायझर फिल्मच्या मध्ये धरून पाहते. ताण असेल तर जोडाभोवती उजेडाचं कडं दिसतं. शिक्षिकेचे पैसे परत केले. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझ्या वहीत ‘वाढलेले’ असा रकाना तेव्हापासून आहे.

त्या वहीतला एक घाणा सांगते. भट्टी लहान, एका वेळी सहा कोस्टर. हळूहळू तापवायचं, वर दहा मिनिटं ठेवायचं, मग साडेपाचशेच्या आसपास थांबवून ताण उतरू द्यायचा आणि रात्रभर निवू द्यायचं. वीज दहा-बारा युनिट, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. कापणं, कडा घासणं, धुणं, फळीला चायना क्लेचा लेप देणं, यात माझे पाच तास. सहातला एक वाढतो, नाहीतर त्यात बुडबुडा येतो. उरले पाच. साठ रुपयांनी विकले तर तीनशे; वीज आणि खोकी वजा जाता शंभरच्या आत उरतात. पाच तासांचे. म्हणून आता दीडशे सांगते आणि घासाघीस करत नाही. सहावा, वाढलेला, त्या पाचांनीच भरून द्यायचा असतो.

रंगीत काच महाग, म्हणून मी बाटल्यांकडे वळले. पेंच जंगलाच्या वाटेवरच्या रिसॉर्टांमधून त्या पोत्यानं मिळतात. एका बाटलीची काच स्वतःशी कधी भांडत नाही, हा तिचा मोठा गुण. आडवी ठेवली की भट्टीत बसत बसत छान चपटं तबक होतं. पर्यटक मात्र वाघच मागतात. केले दोन वाघ. एक मांजरासारखा झाला, तोच आधी विकला गेला.

सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्या 18 व्यवसायांच्या यादीत कुंभार, लोहार, सोनार, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत; काचकाम नाही. यादी परंपरागत धंद्यांची, माझी तक्रार नाही. उद्योगासाठी कर्ज आणि अनुदान देणाऱ्या दुसऱ्या योजना आहेतच. पण प्रत्येकीनं कर्ज काढून घरात भट्टी बसवावी, हेच मला पटत नाही. आमच्याच पेंच नदीवर तोतलाडोहला 160 मेगावॉटचं वीजकेंद्र आहे, तरी संध्याकाळी दिवे जातात. निवण्याच्या वेळी वीज गेली की भट्टी आपल्या मर्जीनं थंड होते आणि अख्खा घाणा हातचा जातो. इन्व्हर्टर या भट्टीला पुरत नाही, जनरेटर एकटीला परवडत नाही.

पण एकटीला न जमणारं मिळून जमतं. तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना 1908 मध्ये पैसा फंडातून उभा राहिला. माणशी एक पैसा गोळा करायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. टिळकांनी ती उचलून धरली. तिथे मुलं काचकाम शिकली. आमच्या तालुक्याला कारखाना नको, एक मोठी भट्टी, एक जनरेटर आणि काच जपून ठेवायला एक खोली पुरे. बचतगटांनी मिळून घ्यावी, ज्या दिवशी जिची पाळी तिनं आपला माल लावावा. भट्टी मोठी असली की विजेचा खर्च बारा-पंधरा जणींच्या मालावर वाटला जातो. कुंभारांचा आवा असाच एकत्र लागतो, त्यात नवं काही नाही. गटाच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “वाढलं तं कोणाचं वाढलं धरायचं?” प्रश्न बरोबर आहे. माझं म्हणणं, ते सगळ्यांच्या किमतीत आधीच धरायचं. यावर अजून एकमत झालेलं नाही.

आज सकाळी शेजारची मुलगी आली. तिच्या ताईच्या लग्नात द्यायचं तबक भट्टीत होतं, आणि तिला ते आत्ता पाहायचं होतं. कंट्रोलरवर 92 दिसत होते. पन्नासच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, म्हटलं. ती ओट्यावर बसून आकडे मोजायला लागली. एक्क्याण्णव.